काठीवरचं फडकं

यंदा बाहेरचा वाळूचा पट्टा गाळाने बुजला आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायांना आतल्या पाण्याशिवाय थाराच उरला नाही. आतलं पाणी म्हणजे समुद्र जमिनीत घुसून निवांत पसरला होता ती जागा. तळाला मऊ वाळू, लाट म्हणून नाही, ओहोटीला पाणी जेमतेम कमरेएवढं. बायांना हवं तसं. आणि नेमकं पतंगवाल्यांनाही हवं तसंच, कारण त्यांना सपाट पाणी लागतं आणि शिकाऊ माणूस पडला तर पाय टेकायला तळ लागतो.

पतंगवाले म्हणजे पोरांचे कागदी पतंग नव्हेत, बरं का. खोलीएवढा थोरला, हवा भरलेला कापडी पतंग, त्याच्या पन्नास हात लांब दोऱ्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या आणि पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो, आणि माणूस पाण्यावरून सुसाट निघतो. बघायला मोठी गंमत. पण त्या दोऱ्या सुतळीपेक्षा बारीक असतात, आणि ताणलेल्या असल्या की त्यांच्यापेक्षा सुरी बरी.

तीन वर्षांपूर्वी यावरून दोन्ही बाजूंचं चांगलंच वाजलं होतं. शेवटी नावाडीकाकांनी दोघांना काठावरच्या जाळ्यांच्या छपरीत बसवलं. पलीकडे माणसं पोचवण्यात काकांची हयात गेलेली, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्यांनी एका फळीवर नियम रंगवून घेतले. आतल्या पाण्याच्या तोंडाशी एक उंच काठी रोवली. बाया पाण्यात उतरल्या की काठीवर पांढरं फडकं चढवायचं. पहिला नियम असा, की पांढरं फडकं दिसतंय तोवर एकही पतंग वाळूवरून उठायचा नाही. दुसरा, ज्याने फडकं बांधलं त्यानेच ते सोडायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. फडकं असताना पतंग आला तर पतंगाची शाळा पंधरा दिवस बंद. आणि फडकं न लावता बाई पाण्यात सापडली तर पंधरा दिवस सकाळची ओहोटी पतंगवाल्यांची. दोघांनाही सारखाच चाप. तीन वर्षं हे विनातक्रार चाललं.

फडकं बांधायचं काम वहिनीकडे होतं. तिला सगळा काठ वहिनी म्हणायचा, कारण तिचा दीर तिला वहिनी म्हणायचा आणि दिराचा आवाज एवढा मोठा की सगळ्यांना तेच नाव पाठ झालं. वहिनीची गाठ प्रसिद्ध होती. तिच्या आईकडून आलेली, वाऱ्याने उलट आवळत जाणारी गाठ. एका ठरावीक वेढ्यावर अंगठा दाबला आणि बोट मागून घातलं की दोन क्षणांत सुटायची, नाही तर दिवसभर झटा. ठसक्याने एकदा हट्टाने सोडवायला घेतली आणि अर्ध्या तासाने दात ओठ खात कोयता आणला. ठसका म्हणजे वहिनीबरोबर पाण्यात उतरणारी शेजारीण. बोलली की समोरच्याला ठसका लागायचा, म्हणून ते नाव.

"अगं, कापू नकोस," वहिनी ओरडली होती. "धडकी दोरी कापायची नाही. दोरी वळायला काय लागतं ते विचार माझ्या तळहातांना."

ती गाठ वहिनीने एकट्या दिराला शिकवली होती. तो चार वर्षांचा असताना सासू गेली. तेव्हापासून त्याला न्हाऊ घालणं, भरवणं, मारणं आणि मग जवळ घेऊन रडणं, सगळं हिनेच केलं. स्वतःला मूल झालं नाही, त्याचं दुःखही त्याच्या धांदलीत विसरून गेली. एका जागी बसायचा नाही म्हणून तिनेच त्याचं नाव भिंगरी ठेवलं. या भिंगरीला स्थिर बसवायचं तर हातात दोरी द्यायची, एवढी युक्ती तिला सापडली होती. आता तो अठ्ठावीस वर्षांचा बाप्या झाला होता आणि पतंगाच्या शाळेत शिकवत होता. दोरीचंच काम म्हणायचं. पाण्यावर असा उडायचा की ठसकासुद्धा काठावर शिंपल्या निवडताना हात थांबवून बघायची आणि म्हणायची, "वहिनी, हे तुझं कार्टं एक दिवस ढगात जाऊन बसणार आणि तू खालून जेवायला हाका मारणार."

*

त्या सकाळी वारा नेहमीपेक्षा लवकर सुटला. चार बाया उतरल्या होत्या. वहिनीने फडकं चढवलं, दोरीचा वेढा आवळला, सवयीने दोनदा ओढून बघितला आणि पाण्यात शिरली. कमरेला बांधलेली दोरी, दोरीला टायरची ट्यूब, ट्यूबमध्ये टोपली. वाकायचं, दाताळं वाळूत रेटायचं, मागे ओढायचं, पायाच्या बोटांनी चाचपायचं, शिंपल्या उचलून टोपलीत टाकायच्या. दोन तासांनी कंबर आपली राहत नाही. मीठ लागून मांड्यांची सालटी निघतात, ती रात्री तेल लावून गप्प बसवायची. पण टोपली भरत आली की सगळं विसरायला होतं.

ठसका आणि दुसऱ्या दोघी पलीकडच्या काठाने बाहेर पडल्या. "येतेस ना गं?" ठसक्याने विचारलं.

"टोपलीचा तळ दिसतोय अजून. तुम्ही व्हा पुढे, मी फडकं सोडून येते."

ती खडकाच्या आडोशाला वळली. तिथल्या वाळूत शिंपल्या दाट होत्या. ती वाकलेली होती आणि कानात वारा होता, त्यामुळे वरून काय आलं ते तिला कळलंच नाही. एकदम सावली पडली. पाण्यावर फाटकन आवाज झाला, कापड कोसळलं आणि काहीतरी तिच्या उजव्या हाताला वेटाळून खेचायला लागलं. पतंगाने पुन्हा वारा धरला होता. तिला चारेक हात फरफटत नेलं. तोंडात खारं पाणी गेलं. हातातून वर काहीतरी आगीसारखं चढलं आणि पाणी लाल झालं.

"वहिनी! वहिनी!"

तो भिंगरीचाच आवाज. पाणी तुडवत आला. पतंगवाल्यांच्या पट्ट्यात दोऱ्या कापायची वाकड्या पात्याची छोटी सुरी असते, ती त्याने उपसली आणि सपासप दोऱ्या तोडल्या. पतंग दूर जाऊन पडला. ज्याचा पतंग होता तो पाहुणा, दोन दिवसांचा शिकाऊ, पांढराफटक पडून गळाभर पाण्यात बसला होता. भिंगरीने वहिनीला लहान मुलासारखं उचललं. तो हुंदके देत होता. "काही नाही, वहिनी, काही नाही होत." त्याच्या खांद्यावरून तिला काठी दिसली.

काठी बोडकी होती.

बुंध्याशी दगडाखाली फडकं घडी करून ठेवलेलं होतं. चार पदरी घडी आणि तिच्यावर दोरी इंग्रजी आठसारखी गुंडाळलेली. ओली दोरी अशी गुंडाळली की पीळ पडत नाही. या काठावर दोनच माणसं दोरी अशी गुंडाळायची, आणि त्यांतलं एक त्या वेळी दुसऱ्याच्या कडेवर होतं.

*

दवाखान्यात करंगळीला आणि शेजारच्या बोटाला अकरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, वाकतील की नाही ते आताच सांगता येत नाही. मनगटापर्यंत पांढरं बांधून वहिनी घरी आली.

नवरा अंगणात होडीखाली झोपून फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होता. तो होड्यांचा सुतार. बोलणं बेताचं, आणि कामात असला की तेही नाही. तो बाहेर आला, हात बघितला, तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं.

"फडकं मी बांधलं होतं," वहिनी म्हणाली.

"हं."

"अहो, मी बांधलं होतं. मग ते घडी होऊन खाली कसं आलं?"

"वारा फार होता आज."

"वारा घड्या घालतो का?"

त्याने हातोडी उचलली, तिच्याकडे न बघता दांड्याची पाचर घट्ट आहे का ते पाहिलं. "डोकं शिणवू नकोस," म्हणाला आणि पुन्हा होडीखाली गेला. त्यालाही कळलं होतं, हे तिला त्याच्या ठोक्यांवरून समजलं. ठोके चुकत होते. या माणसाचा ठोका तिने पंचवीस वर्षांत चुकलेला ऐकला नव्हता.

संध्याकाळी भिंगरी आला. औषधांची पिशवी, मोसंबी, गरम पाण्याची रबरी पिशवी, काय काय घेऊन आला होता. बसला मात्र नाही. या खिडकीकडून त्या खिडकीकडे.

"बस की रे."

"नको, जायचंय. पाहुणे घाबरलेत फार."

"भिंगरी, तू आलास तेव्हा काठीवर फडकं होतं?"

तो खिडकीची कडी लावून बघत राहिला. लावली, काढली, लावली. "वहिनी, तू आधी आराम कर बरं."

"विचारलं ते सांग. मला एकटीला सांग, मी कुठे जात नाही बोलायला."

"नव्हतं," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा काठीवर काही नव्हतं. घाईत राहिलं असेल तुझ्याकडून. होतं असं, वय झालं की."

वय झालं की! बोटांपेक्षा हे शब्द तिला खोल गेले. त्या पोराने नुसतं म्हणायला हवं होतं, वहिनी, चुकलो. पाहुण्यांना दोनच दिवस होते, वारा सकाळचाच होता, बाया पलीकडे जाताना दिसल्या, वाटलं सगळ्या गेल्या, सोडलं फडकं. एवढंच. एवढं म्हणाला असता तर तिनेच आधी त्याच्यावर पांघरूण घातलं असतं. वाऱ्याने उडालं म्हणून साऱ्या काठाला सांगितलं असतं आणि वर त्याला जेवायला वाढलं असतं. खोटं बोलायचं तर तिच्या बाजूला उभं राहून तरी बोलायचं. ह्याने तिच्या माथ्यावर पाय ठेवून स्वतःची मान वर काढली.

"मोसंबी घेऊन जा," ती म्हणाली. "पाहुण्यांना दे."

*

तिसऱ्या दिवशी दुपारी छपरीत बैठक बसली. जाळी बाजूला सारून सतरंज्या टाकल्या होत्या. एका अंगाला बाया, एका अंगाला पतंगवाले, मध्ये नावाडीकाका आणि त्यांच्या मागे ती रंगवलेली फळी. पतंगाच्या शाळेची मालकीणबाई स्वतः आली होती. बाई सरळ होती. आल्या आल्या वहिनीपाशी उकिडवी बसली, हात बघितला, म्हणाली, "माझ्या शाळेच्या दोरीने झालंय. औषधपाणी सगळं माझ्याकडे. पण फडकं होतं की नव्हतं ते मला कळायला हवं. असेल तर मी उद्यापासून शाळेला कुलूप घालते."

"होतं," वहिनी म्हणाली.

काकांनी ठसक्याला विचारलं, "तू निघालीस तेव्हा होतं?"

ठसक्याची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "असणारच. रोज असतं. पण काका, खोटं कशाला बोलू, डोक्यावर टोपली होती, वर कोण बघतंय?"

मग भिंगरीला विचारलं. तो उभा राहिला. नवा सदरा घातला होता, त्याची बाही वहिनीनेच गेल्या महिन्यात आखूड करून दिलेली. "मी आलो तेव्हा काठी मोकळी होती," तो म्हणाला. "फडकं दगडाखाली होतं. मोकळी बघितली म्हणूनच पाहुण्यांना सोडलं."

छपरीत कुजबुज झाली. वहिनीने मांडीखालून एक काठीचा तुकडा काढला. त्याला दोरी बांधलेली होती. डाव्या हाताने आणि दातांनी बांधली होती, पण गाठ तीच.

"ही माझी गाठ," ती म्हणाली. "वाऱ्याने ही सुटत नाही, आवळते. मी त्या दिवशी हीच बांधली होती. दोरी कापलेली नाही, म्हणजे कुणीतरी सोडली. ज्याला येते त्याने. बघा कुणाला सुटते का."

काठी हातोहात फिरली. काकांनी खूप चाचपली आणि हसून पुढे दिली. मालकीणबाईने नखं लावून बघितली, नख तुटलं. एका पतंगवाल्याने दातही लावून पाहिले. फिरत फिरत काठी भिंगरीच्या हातात आली.

"तुला येते ना रे?" काकांनी विचारलं. "तिचाच चेला तू."

भिंगरीने गाठ फिरवली. एका बाजूने ओढली, दुसऱ्या बाजूने ओढली. त्याचा अंगठा त्या वेढ्याच्या आसपास घुटमळला आणि मुद्दाम तिथून दूर गेला. हे बघणारी छपरीत एकटी वहिनी होती.

"नाही येत," तो म्हणाला. "लहानपणी दाखवली असेल. विसरलो."

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. तो दाराशी बसला होता. या पोराने पाचव्या वर्षी अंगणातल्या होडीला, कोंबडीच्या पायाला, स्वतःच्या भावाच्या झोपलेल्या पायांना हीच गाठ बांधली होती. त्या वेळी नवरा उठता उठता तोंडावर आपटला होता आणि घर आठ दिवस हसत होतं. नवरा आता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. त्याने तोंड उघडलं नाही.

काकांनी काठी परत वहिनीपुढे ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण फळीवर शब्द लिहिलेला नाही, फडकं लिहिलेलं आहे. फडकं बघितलेला माणूस नाही. नियम मीच केला, मीच कसा मोडू? उद्यापासून पंधरा दिवस सकाळची ओहोटी त्यांची."

बायांच्या अंगाने एकच गलका झाला. पंधरा दिवस म्हणजे शिंपल्यांचा निम्मा हंगाम, आणि बाहेरचा पट्टा तर गाळात. एक म्हातारी उठता उठता वहिनीला म्हणाली, "बाई गं, एक फडकं बांधायचं तुझं काम." तेवढंच बोलली. पण वहिनीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

घरी जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही का गप्प बसलात?"

"शाळा बंद पडली असती. पोराचं पोट आहे."

"आणि माझं?"

"तुझं मी बघतो ना."

"बघितलं आज," ती म्हणाली. केसाने गळा कापणं ती आजवर नुसतं बोलण्यात वापरत आली होती. ते कसं लागतं ते आता कळलं. दिसतही नाही आणि ओरडताही येत नाही.

*

चार दिवस तिने घरात काढले. डाव्या हाताने केर काढला, डाव्या हाताने पीठ मळलं, ते परातीबाहेर गेलं, पुन्हा गोळा केलं. वेणी घालता येईना, तेव्हा ठसका येऊन घालून गेली. केस ओढता ओढता म्हणाली, "मी हो म्हणायला हवं होतं गं. एक खोटं बोलून गेले असते तर काय जीभ झडली असती?"

"नाही. खोटं बोलणारे झालेत पुरेसे."

काठावर रोज सकाळी रंगीबेरंगी पतंग वर चढताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचे. बाया दुपारच्या भरतीत गळ्याएवढ्या पाण्यात पायांनी चाचपत पावपाव टोपली आणायच्या. वहिनी विहिरीवर आली तर त्या जरा सरकून जागा करायच्या, पण हाक मारायच्या नाहीत.

पाचव्या दिवशी पहाट सरल्यावर तिने कपाटातून एक पांढरं फडकं काढलं. दोन हात उंचीचा वेळूचा तुकडा घेतला, त्याला फडकं घट्ट शिवलं. तो वेळू छातीशी उभा धरून दोरीचे दोन वेढे अंगाभोवती घेतले आणि डावा हात आणि दात लावून गाठ मारली. मग श्वास आत ओढून तो सगळा बांध हळूहळू फिरवत पाठीवर नेला. आरशात वळून बघितलं. डोक्यावरून फडकं डोकावत होतं. नवरा दारात दात घासत उभा होता.

"हे काय?"

"कामाला निघालेय."

"अगं, आज त्यांची ओहोटी आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

ती टोपली न घेताच गेली. काठावर आठ-दहा पतंग हवा भरून तयार होते, नवे पाहुणे पट्टे आवळत होते. ती सगळ्यांसमोरून चालत पाण्यात शिरली आणि कमरेएवढ्या पाण्यात मधोमध उभी राहिली, काठाकडे पाठ करून. वाऱ्याने फडकं फडफडायला लागलं.

मालकीणबाईने शिटी वाजवली. "कुणीही पतंग उचलायचा नाही!" एक पाहुणा कुरकुरला की वेळ तर आपली आहे. बाईने फळीकडे बोट दाखवलं. "पहिला नियम वाचा. फडकं दिसतंय तोवर नाही. काठीवर म्हणून लिहिलेलं नाही." एव्हाना नावाडीकाका नाव सोडून आले होते. बाया छपरीच्या सावलीत गोळा झाल्या होत्या. होडीचा सुतार हातात तसंच डांबराचं फडकं घेऊन मागे उभा होता.

काकांनी फळी वाचली आणि मान हलवली. "बाई खरं म्हणतायत. पहिला नियम तो पहिला."

"भिंगरी," मालकीणबाई म्हणाली, "तुमच्या वहिनी आहेत. तुम्ही बोला त्यांच्याशी."

भिंगरी पाणी कापत गेला. वहिनीला त्याची चाहूल लागली. या पोराची पाण्यातली चाल तिला हजारात ओळखू आली असती.

"वहिनी, काय चालवलंयस हे? सगळे बघतायत."

"बघू दे."

"पाहुणे परत जातील. वारा दहा वाजेपर्यंतच आहे. हात पण भिजतोय तुझा, टाके पिकतील. चल ना."

"मला हे सुटत नाही आता, पाठीवर आहे. तू सोडव."

फडकं वाजत राहिलं.

"येत नाही ना तुला गाठ?" वहिनी म्हणाली. "मग सुरी आहे पट्ट्यात, ती काढ आणि काप. एक घाव घातला की काम झालं. माझी ना नाही."

ती काठाकडे पाठ करून उभी होती, म्हणून तिचा चेहरा कुणाला दिसला नाही. बरंच झालं. कारण तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ पुटपुटत होते, काप रे बाबा, काप. नाही तर नुसता मागे फिर. मी विसरून जाईन. त्याला सगळ्यांपुढे पकडायचं म्हणूनच ती आली होती, आणि आता तोच सुटावा म्हणून तिचा जीव तुटत होता.

सुरी निघाल्याचा आवाज आला. पातं दोरीला टेकल्याचं तिला पाठीवर जाणवलं. मग ते थांबलं. दोरी नवी होती, बोटं कापायच्या आदल्याच आठवड्यात वळलेली. धडकी दोरी. सुरी परत पट्ट्यात गेली.

मागून काठावरून कुणीतरी ओरडलं, "अरे आटप, वारा चाललाय!"

तेवढ्यावर त्याचा हात आला. अंगठा बरोबर त्या वेढ्यावर पडला, बोट मागून आत गेलं. दोन क्षण. छातीवरचा आवळ एकदम गेला, वेळू कलंडला, फडकं त्याच्या हातात आलं. आणि वर त्या पोराने ते चार पदरी घडी करून त्याच्यावर ओली दोरी आठसारखी गुंडाळायलाही सुरुवात केली होती. अर्ध्या वेढ्यावर त्याचे हात थांबले.

काठावरून सगळ्यांनी ते बघितलं होतं.

आता काठीवर फडकं नव्हतं, पाठीवरही नव्हतं. वारा छान भरून येत होता. पण एकही पतंग उठला नाही. मालकीणबाईने शिटी गळ्यातून काढली, खिशात टाकली आणि पतंगांच्या हवेची बुचं एकामागून एक उपटायला लागली. पतंग वाळूवर चपटे होत गेले. नावाडीकाका फळीसमोर डोक्याला हात लावून बसले. म्हातारी चपला काढून पाण्याशी आली आणि "वहिनी, ये गं बाहेर," म्हणून हाक मारू लागली.

"वहिनी," भिंगरी म्हणाला. त्याचा आवाज चार वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "वहिनी, मला वाटलं तुम्ही सगळ्या गेलात."

"ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली.

तिने वळून त्याच्या हातातली दोरी घेतली. उरलेला वेढा डाव्या हाताने पुरा केला, टोक आत खोचलं. मग फडकं बगलेत मारून ती काठाकडे चालायला लागली. नवरा पाण्यात गुडघाभर शिरून हात पुढे करून उभा होता. ती त्याच्या बाजूने निघून गेली.